राक्षस नंतर, आधी तुम्ही: अद्भुतकथा लिहिणाऱ्या नवख्याने स्वतःची ओळख कशी लिहावी

वय पंचविशीच्या अलीकडे. पोटासाठी पुण्यात एका कारखान्याचा जमाखर्च लिहितो आणि रात्री ज्यांचा जमाखर्च कधीच जुळत नाही अशा राजांच्या, यक्षांच्या आणि समंधांच्या गोष्टी लिहितो. गाव वेंगुर्ल्याकडचं. आरवलीचा देव वेतोबा आमचा शेजारी. कथा छापून आली की पहिली प्रत त्याला पोचती करावी लागते, कारण आपलं नाव कितव्या पानावर आलंय हे तो आधी बघतो.

ही माझी सध्याची ओळख. हिच्यात माझ्याबद्दल तीन-चार खऱ्या गोष्टी कळतात, मी कसलं लिहितो याचा अंदाज येतो आणि शेवटचं वाक्य खोटं आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. अशी ओळख जुळवायची कशी ते पुढे सांगतो. पहिली कथा हातावेगळी करून ‘सोबत चार ओळींचा परिचय पाठवा’ या निरोपापाशी अडलेल्यांसाठी हे आहे. सात राज्यं, तीन चंद्र आणि बोलणारी नदी बिनदिक्कत उभी करणारा माणूस या चार ओळींपाशी आला की एकदम शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या भाषेत शिरतो. जन्म अमुक गावी, शिक्षण तमुक, लहानपणापासून वाचनाची आवड. आवड नसती तर लिहायला कशाला बसला असता, हे कुणी विचारत नाही.

पायरी १: ओळख कुठं जाणार ते आधी बघा

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत नव्या लेखकाचं दार बहुतेक वेळा दिवाळीतच उघडतं. या अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यात चालते. परिचय छापला जातो तो कथेच्या तळाशी किंवा शेवटच्या पानांवरच्या लेखकांच्या यादीत. तिथं तुमच्या डाव्या हाताला निवृत्त सनदी अधिकारी असतो, उजव्या हाताला ज्येष्ठ समीक्षक. तीस-चाळीस शब्दांच्या वर जागा मिळेल असं धरू नका.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जागा कमी पडली की परिचय खालून कापला जातो. त्यामुळे सगळी मिजास शेवटच्या वाक्यात साठवून ठेवलीत तर नेमकं तेच वाक्य कात्रीत जाईल आणि उरेल काय, तर वाणिज्य शाखेची पदवी. अंकासाठी लिहिताना विनोद दुसऱ्या वाक्यात आणा. वर माझा विनोद शेवटी आहे, कारण इथं कापणारं कुणी नाही.

पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा परिचय ऐंशी-शंभर शब्दांचा, आणि तृतीयपुरुषी लिहायची रीत आहे. ‘मी’ऐवजी ‘लेखक’ असं म्हणत स्वतःबद्दल लिहिणं सुरुवातीला विचित्र वाटतं. पण विनोदाला ते फार सोयीचं असतं, कारण दुसरंच कुणी आपल्याबद्दल गंभीरपणे खोटं बोलतंय असा भास होतो. पुस्तक वाचनालयात वर्षानुवर्षं राहतं, म्हणून त्या महिन्यात गाजत असलेल्या गोष्टीवरचा विनोद मलपृष्ठावर नको.

स्पर्धेला कथा पाठवताना मात्र नियम नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी हस्तलिखितावर नावच चालत नाही, मग ओळखीचा प्रश्नच मिटला. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. ज. वि. ना. ही स्वतःची आद्याक्षरं उलटी केली आणि झाला ना. वि. ज. तयार! आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये हा हेतू, आणि पहिलं बक्षीस त्या जगतापांनाच मिळालं. लपवण्याजोगं नाव व्हायला आपल्याला अजून अवकाश आहे, पण नियम सर्वांना सारखा.

पायरी २: खरं काय आहे ते कोरडेपणानं लिहून काढा

एक कागद घ्या. गाव, सध्या राहता ते ठिकाण, नोकरी किंवा धंदा, छापून आलेलं लेखन (नसेल तर ‘नाही’), सध्या काय लिहिताय, आणि तुम्हाला येणारी एखादी निरुपयोगी गोष्ट. पोहता न येणारा माणूस समुद्री राक्षसावर लिहीत असेल तर तेही टिपून ठेवा. इथं गंमत करायची नाही.

या यादीतल्या दोनच गोष्टी पुढे खरंच उपयोगी पडतात: गाव आणि नोकरी. नवख्याला या दोन्हींची लाज वाटते. अद्भुत लिहिणारा माणूस तलाठी कार्यालयात बसतो हे सांगायचं कसं, असं त्याला वाटतं. पण अद्भुताला टेकू लागतो तो असल्याच गोष्टींचा. ज्याच्या टेबलावर सातबाराचे उतारे पडलेले आहेत त्यानं राक्षसाच्या जमिनीबद्दल बोललं की हसू येतं. जो स्वतःच ‘स्वप्नांच्या प्रदेशातला मुसाफिर’ आहे त्याच्या राक्षसाला बसायला जागाच नसते.

पायरी ३: एकच खोटं, तेही ढळढळीत

सगळ्या लेखाचं काम या पायरीवर आहे, त्यामुळे जरा थांबून वाचा.

परिचयातली सगळी वाक्यं खरी आणि कुणीही तपासून बघावीत अशी असू द्या. फक्त एक वाक्य खोटं लिहा, आणि ते इतकं मोठं खोटं असू द्या की शेंबडं पोरही ते खरं मानणार नाही. ‘राज्यस्तरीय पुरस्कारप्राप्त’ हे खरं वाटू शकणारं खोटं आहे. ती फसवणूक झाली. ‘विविध नियतकालिकांतून सातत्याने लेखन’ हे एका कथेच्या जोरावर लिहिणं हीसुद्धा फसवणूकच, आणि ती फार जण करतात. ‘वेताळाकडून मागच्या कथेचं मानधन येणं आहे’ हे मात्र निखळ खोटं. त्यानं कुणाचं नुकसान होत नाही आणि लेखक कुठल्या वाटेनं जाणारा आहे ते कळतं.

एकच का, तर दोन झाली की वाचक उरलेल्या वाक्यांकडेही संशयानं बघायला लागतो. तुमची खरीखुरी छापून आलेली कथासुद्धा मग त्याला थाप वाटते.

आणि हे खोटं सरकारी कागदासारखं लिहायचं. उद्गारचिन्ह नको, हसरा चेहरा नको, ‘गंमत केली हं’ तर मुळीच नको. तीन नमुने देतो. तिन्ही मी बसून रचलेले आहेत, पण अशी माणसं आपल्यात भरपूर आहेत.

तलाठ्याचा: ‘महसूल खात्यात नोकरी. कथेतल्या सातही राज्यांचे उतारे तयार आहेत. राक्षसानं हरकत घेतल्यामुळे एक फेरफार प्रलंबित आहे.’

परिचारिकेचा: ‘नागपुरात परिचारिका, बहुतेक रात्रपाळी. हडळीच्या पायाला प्लास्टर घालताना टाच कुठल्या बाजूला धरायची हे अभ्यासक्रमात नसल्यानं स्वतः शिकून घेतलं.’

चंद्रपूरच्या एखाद्याचा, जो बर्फाच्या राज्यावर लिहितो: ‘राहणार चंद्रपूर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कादंबरीची राजधानी वितळते, त्यामुळे लेखन जुलैपासून पुन्हा सुरू होतं.’

तिन्हींत धंद्यातला नेमका शब्द आहे. फेरफार, हरकत, प्लास्टर, पारा. खोट्याला हसू येतं ते या खऱ्या शब्दामुळे. ‘राक्षसाशी माझं भांडण आहे’ असं लिहिलं असतं तर कुणी हसलं नसतं. चंद्रपूरच्या माणसानं ड्रॅगन आणि बर्फाळ किल्ले का लिहावेत, आपल्या मातीतलं का लिहू नये, असं विचारणारे भेटतील. खुशाल लिहावेत. फक्त विनोद तुमच्याच जगातला असू द्या. गोष्ट किल्ल्याची आणि विनोद पिंपळावरच्या मुंज्याचा, असं झालं की वाचक कथा उघडून मुंजा शोधत बसतो.

पायरी ४: मसुदा घेऊन बसा

बहुतेक पहिले मसुदे असे असतात:

‘जन्म वेंगुर्ला तालुक्यात. वाणिज्य शाखेचा पदवीधर. लहानपणापासूनच वाचनाची प्रचंड आवड. आजोबांकडच्या चांदोबाच्या जुन्या अंकांनी झपाटून टाकलं. सध्या पुण्यात एका कारखान्यात नोकरी. अद्भुत, गूढ, रहस्यमय व थरारक लेखनाकडे विशेष ओढा. हा पहिलाच प्रयत्न असून वाचक तो गोड मानून घेतील अशी आशा आहे.’

वेंगुर्ला राहू द्या. पदवी काढा, पण नोकरी ठेवा; नोकरीत काय करता ते एका क्रियापदात सांगा, म्हणजे पदवी आपोआप कळते. वाचनाची आवड काढा. चांदोबाचं वाक्य मोहात पाडणारं आहे, पण विक्रम आणि वेताळ एवढ्या लोकांच्या मानगुटीवर बसून गेले आहेत की त्यानं तुमची वेगळी ओळख पटत नाही. आजोबांनी अंक पाठ करून घेतले असतील, त्यांवर मिशा काढल्या असतील, तर ते लिहा, नाहीतर सोडा. ‘अद्भुत, गूढ, रहस्यमय व थरारक’ यांतला एकच शब्द ठेवा, जमलं तर तोही नको. राजे, यक्ष, समंध अशी पात्रंच सांगा. शेवटचं वाक्य पूर्ण खोडा. त्यावर पुढच्या पायरीत बोलतो.

आता उरलं ते: वेंगुर्ला, जमाखर्च, राजे-यक्ष-समंध. यांतल्या कोणत्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की खटका उडतो ते बघा. जमाखर्च आणि राजे लगेच जुळले. वेंगुर्ल्यानं वेतोबा आणून दिला. आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, आणि तो रात्री गावोगाव फिरतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. जो देव एवढा फिरतो तो वाचतही असणार, असं धरून मी ते वाक्य लिहिलं. वेतोबा आमचा आहे, आमच्याकडे त्याच्याशी लोक घरच्यासारखं बोलतात, म्हणून ही सलगी खपते. दुसऱ्याच्या गावच्या देवाशी ती करायला जाऊ नका. तिथले लोक हसणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

पायरी ५: हसायचं स्वतःला, पण कथेला नाही

आपल्याकडे नम्रतेची परंपरा मोठी आहे. ज्ञानेश्वरांनी स्वतःला चोचीनं समुद्र मोजायला निघालेल्या टिटवीची उपमा दिली. पण नंतर नऊ हजारांच्या आसपास ओव्यांत तो समुद्र मोजून दाखवला. आणि शेवटी एका ओवीत शके १२१२, टीका, म्हणजे गीतेवरचं भाष्य, कुणी केली आणि लिहून कुणी घेतली, एवढं सांगून थांबले. नेमका परिचय कसा असावा याचा याहून जुना आणि चांगला नमुना मला माहीत नाही.

आपली टिटवी अजून किनाऱ्यावर आहे. अशा वेळी ‘हा वेडावाकडा प्रयत्न’, ‘चूकभूल द्यावी घ्यावी’, ‘वाचून डोकं दुखल्यास लेखक जबाबदार नाही’ असं लिहिलं तर वाचक ते शब्दशः घेतो आणि पान उलटतो. स्वतःच्या उंचीवर, चष्म्यावर, भित्रेपणावर खुशाल हसा. कथा वाईट आहे असं सुचवू नका. ते ठरवायला समीक्षक आहेत, त्यांचं काम त्यांना करू द्या.

बायको, आई, प्रेयसी, घरमालक यांना परिचयात ओढू नका. ‘बायकोच्या कटकटीपासून सुटका म्हणून लिहितो’ हा विनोद आजोबांच्या पिढीतही शिळाच होता. तसेच चहा, मांजर, आणि ‘नोकरीनं इंजिनियर, मनानं लेखक’. हे तिन्ही आता विनोद राहिलेले नाहीत. मांजर बोलत असेल तर गोष्ट वेगळी.

‘मराठीतला अमुक’ असं म्हणत एखाद्या परदेशी लेखकाचं नाव लावणं, हा विनोद म्हणून केला तरी वाचणारा तो दावा म्हणून वाचतो. टाळा.

पायरी ६: नाव

द्वारकानाथ माधव पितळे यांनी अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिल्या त्या ‘नाथमाधव’ या नावानं. स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाचा तुकडा घेऊन जुळवलेलं. राम गणेश गडकरी कविता लिहिताना गोविंदाग्रज होते आणि विनोद लिहिताना बाळकराम. तेव्हा टोपणनावाला आपल्याकडे कुणी हरकत घेत नाही. पण ‘कृष्णछाया’, ‘तमोराज’, ‘निशाचर’ असली नावं घेण्याआधी ती निवेदिकेनं माइकवर उच्चारली तर कशी वाटतील याचा विचार करा. आणि मानधन येतं ते बँकेतल्या नावावर. ते पत्रात वेगळं कळवा, नाहीतर तमोराजांच्या नावचा धनादेश हातात घेऊन बँकेत उभं राहाल.

पायरी ७: तोंडी ओळख

कट्ट्यावर किंवा संमेलनात वाचायला बोलावलं तर ओळख दोन प्रतींत न्या. एक निवेदकाला द्या, दुसरी खिशात ठेवा, कारण पहिली हरवते. निवेदकाला आधी भेटून कथेतली नावं उच्चारून दाखवा. तुमच्या नायकाचं नाव ‘ख्रुष्म्य’ असेल तर तो त्याला कृष्णा म्हणेल, टाळ्या पडतील, आणि मग सगळ्या गोष्टीभर श्रोते बासरीची वाट बघतील.

बोलायचं ते अर्ध्या मिनिटात. आमच्याकडे दशावतारी नाटकात मूळ आख्यानाआधी संकासुर येतो: काळा पोशाख, लोंबणारी लाल जीभ. पोरं आधी आईच्या पदरात शिरतात आणि थोड्या वेळानं त्याच्या बोलण्याला खिदळतात. तो आपण कसा भयंकर आहोत हे समजावत बसत नाही, येतो आणि सुरू करतो. तेवढंच करा. खोटं वाक्य म्हणून झालं की एक श्वास थांबा. हसले तर ठीक, नाही हसले तरी तोच चेहरा ठेवून पुढे जा. विनोद समजावून सांगितला की तो मेला. ‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही’ हे वाक्य म्हणण्यातच वेळ जातो. शेवटी कथेचं नाव सांगा आणि वाचायला लागा.

पायरी ८: लग्नसमारंभ

इथं लेखी परिचय कामाचा नाही. आमच्या आत्याशी झालेलं बोलणं देतो.

‘काय रे, सध्या काय करतंस?’

‘गोष्टी लिवतंय, आत्ये.’

‘कसल्यो?’

‘भुताखेतांच्यो.’

‘तुका भूत दिसला काय कधी?’

‘नाय.’

‘मगे लिवतंस कित्याक?’

या प्रश्नाला उत्तर नाही, ते शोधूही नका. नातेवाइकांपुढे नोकरी आधी सांगा, लेखन नंतर. ‘कारखान्यात हिशेब बघतो, आणि गोष्टीपण लिहितो’ असं म्हटलं की मंडळी पहिल्या अर्ध्यावर समाधान मानून जेवायला वळतात. उलट्या क्रमानं सांगितलंत तर दुसरा अर्धा कुणी ऐकत नाही आणि जेवणं होईपर्यंत तुमच्यासाठी नोकरी शोधली जाते.

पायरी ९: पाठवण्याआधी

मोठ्यानं वाचा. मग अद्भुतकथा अजिबात न वाचणाऱ्या एखाद्याला वाचून दाखवा आणि ‘यातलं खोटं वाक्य कुठलं?’ असं विचारा. क्षणात सांगता आलं पाहिजे. तो तुमच्या नोकरीकडे बोट दाखवायला लागला तर नोकरीचं वाक्य जास्त रंगवलं गेलंय; तिथं हात फिरवा.

‘तरुण लेखक’ असं स्वतः लिहू नका. जन्मसाल द्या, हिशोब वाचक करेल. मलपृष्ठावर तर हा शब्द फारच फसवा. पुस्तक वाचनालयात राहतं आणि माणसाचं पोट सुटतं.

फोटो साधा, उजेडातला, चेहरा दिसणारा. झगा घालून किल्ल्याच्या बुरुजावर काढलेला, हातात लाकडी तलवार असलेला फोटो पाठवण्याची ऊर्मी येईल. शब्दांत एक खोटं सांगून झालंय, फोटोत दुसरं नको.

वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत एकच वाचक अंकांमागून अंक घरी नेतो. एकाच वर्षी दोन अंकांत कथा आली तर दोन्हीकडे तोच विनोद त्याच्या लक्षात येतो. खरी वाक्यं तीच ठेवा, खोटं बदला. दुसरी कथा छापून आल्यावर ‘पहिलीच कथा’ हे शब्द काढायचे राहून जातात, तेही बघा.

परिचय युनिकोडमध्ये टंकलेला, कथेपासून वेगळ्या फाइलीत पाठवा. सोबतच्या पत्रात कथेची शब्दसंख्या, ती अप्रकाशित असल्याचं एक वाक्य, पत्ता आणि फोन नंबर असू द्या. पत्रात विनोद नको. फाइलीला स्वतःचं नाव द्या. ‘परिचय फायनल नवा २’ या नावाची फाइल संपादकाकडे आधीच दुसऱ्या कुणाची तरी आलेली असते.